जंजिरा का टिकला? एका बेटाचं राजकारण



मागच्या व्याख्यानात आपण चाकणच्या संग्रामदुर्गाबद्दल बोललो. १६६० सालचा वेढा, बाहेर शाएस्तेखानाची प्रचंड फौज, आत फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर शिबंदी. तो भुईकोट छप्पन्न दिवस लढला आणि बुरुजाखाली सुरुंग उडाल्यावर पडला. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून एका काकांनी विचारलं, "चाकण छप्पन्न दिवसांत पडलं, मग जंजिरा तीनशे वर्षांत का नाही पडला?" तेव्हा वेळ संपली होती. आम्ही उत्तर पुढच्या वेळेवर ढकललं. आज तेच घेऊन आलो आहोत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जंजिरा पाहिला असेल. शनिवारी पहाटे निगडी-चिंचवडहून गाडी काढायची, ताम्हिणीतून उतरायचं, मुरूडजवळ राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचं. होडीतच माहिती सुरू होते: एकोणीस बुरूज, कलालबांगडी तोफ, चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव, आणि हा किल्ला कधीच कुणाला जिंकता आला नाही. हे सगळं खरं आहे. पण एवढ्यावर किल्ला टिकत नाही. वसईलाही तट होता, तोफा होत्या, मागे समुद्र होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. आणि जंजिऱ्याचे तलाव प्यायला पाणी देतात, खायला भात देत नाहीत. भात, लाकूड, दारूगोळा, गलबतं दुरुस्त करायला सागवान, शिपायांचा पगार हे सगळं बाहेरून यायचं. ते कोण देत होतं, आणि का देत होतं? आमच्या मते उत्तर तिथे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेच्या पूर्व भागातून इकडे आलेले लोक. कुणी व्यापारी किंवा खलाशी म्हणून आले, पुष्कळ जण गुलाम म्हणून विकले गेले आणि दख्खनच्या सुलतानांच्या चाकरीत वर चढले. मलिक अंबर हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. जंजिऱ्यावरचे सिद्दी निजामशाहीचे अंमलदार होते. निजामशाही बुडाली, १६३६ च्या तहात हा मुलूख विजापूरकडे गेला, आणि सिद्दीने आदिलशहाची चाकरी धरली. बेटासमोरचा किनारा, दंडा-राजपुरी, म्हसळा, श्रीवर्धन हा त्यांचा मुलूख. कोकणात त्याला हबसाण म्हणत. आकडा द्यायचा तर १९०१ च्या जनगणनेत या सगळ्या संस्थानाची लोकसंख्या साधारण पंच्याऐंशी हजार होती. आपल्या महापालिकेच्या हद्दीत २०११ मध्येच सतरा लाखांवर माणसं होती. एवढासा हा कारभार.

या कारभाराची एक रीत नीट लक्षात ठेवा, ती पुढे दोनदा कामाला येणार आहे. जंजिऱ्याच्या प्रमुखाला वजीर म्हणत; नवाब हे नाव नंतरचं. वजीर मेला की त्याचा मुलगा आपोआप गादीवर बसत नसे. आरमारातला पहिला अंमलदार त्याच्या जागी येई आणि बाकीचे सिद्दी सरदार ते मान्य करीत. मुळापासून तुटलेल्या, घराणं मागे सोडून आलेल्या लोकांत अशी रीत पडली यात नवल नाही. पण तिचा परिणाम असा की बेट एका माणसाच्या मालकीचं नव्हतं.

आता १६६९-७० कडे येऊ. शिवाजी महाराजांनी दंडा-राजपुरीचा किनारा घेतला होता आणि बेटावर जोराचा मारा चालवला होता. तेव्हा जंजिऱ्यावर फत्तेखान होता. विजापूर थकलेलं, तिकडून मदत येण्याची आशा नाही, आणि महाराज चांगल्या अटी देत होते. फत्तेखान बेट द्यायला राजी झाला.

म्हणजे बघा, जंजिरा पडल्यातच जमा होता. तोफेने नाही, बोलणी करून. आपण एरवी महाराजांचे जंजिऱ्यावरचे प्रयत्न म्हणजे एक अपयश म्हणून खाली मान घालून सांगतो, तेव्हा हा भाग सांगायचा राहून जातो.

पण संबूल, कासम आणि खैर्यत या तीन सिद्दी सरदारांनी फत्तेखानाला कैद केलं आणि मोगलांकडे माणसं पाठवली. औरंगजेबाने त्यांना चाकरीत घेतलं, याकूतखान हा किताब दिला, आणि सुरतेच्या महसुलातून सालीना काही लाखांची नेमणूक करून दिली.

औरंगजेब एवढा उदार का झाला? त्याच्याकडे घोडदळ होतं, तोफखाना होता, हत्ती होते. पश्चिम किनाऱ्यावर नाव घेण्यासारखं आरमार नव्हतं. सुरतेहून हजला जाणारी जहाजं निघत, त्यांत व्यापाऱ्यांचा माल असे, बादशाही घराण्यातली माणसं असत. १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली गेलेली. समुद्रावर राखण कोण करणार? हे काम बादशहाला स्वतःला जमत नव्हतं आणि सिद्दीला जमत होतं. तुमच्यात भोसरीत किंवा चाकणला शॉप चालवणारे असतील त्यांना हे लगेच कळेल. मोठी कंपनी लहान व्हेंडरला जपते ती प्रेमाने नाही. तो पार्ट तिला दुसरीकडे मिळत नाही, म्हणून.

आणि दुसरी गोष्ट अंतराची. दिल्ली लांब. औरंगजेब पुढे स्वतः दख्खनेत उतरला तरी त्याची छावणी घाटावर, बेट खाली समुद्रात. पगार देण्याइतका जवळ, गिळण्याइतका जवळ नाही. समोरच्या किनाऱ्यावरचा राजा मात्र गिळण्याइतका जवळ होता. म्हणून त्याच्या अटी कितीही चांगल्या असल्या तरी संबूल-कासमने त्या धरल्या नाहीत. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर हा हिशेब चुकीचा म्हणवत नाही. आपल्याला तो आवडत नाही, ही गोष्ट वेगळी.

१६७१ च्या होळीच्या रात्री सिद्दी कासमने दंडा-राजपुरी परत घेतली. होळीच्या रंगात शिबंदी गाफील, एका बाजूने जमिनीवरून हल्ला, दुसऱ्या बाजूने समुद्रातून, आणि दारूचं कोठार उडालं. खाफीखान सांगतो की वीस कोसांवर महाराज दचकून जागे झाले. खाफीखानाला गोष्ट रंगवायची सवय होती, तेव्हा वीस कोस मोजत बसू नका. पण तो किनारा हातचा गेला याचं दुःख केवढं असेल, ते त्या गोष्टीतून कळतं.

पुढे महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा केला, मोरोपंतांना पाठवलं, लाय पाटलाने रात्री तटाला शिड्या लावल्याची हकीकत बखरीतून येते. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर खाडीत दगड टाकून बेटापर्यंत वाट बांधायला घेतली. त्याच वेळी मोगल फौज कोकणात उतरली आणि त्यांना तिकडे वळावं लागलं. बादशहाची फौज जंजिरा वाचवायलाच निघाली होती असं नाही. पण बेटाला तिचा उपयोग झाला. मोठ्या सत्तेशी नातं जोडण्याचा हाही एक फायदा असतो.

आता या गोष्टीत तिसरा दरबार येतो, आणि आमच्या मते हा सगळ्यात रंगतदार भाग आहे. मुंबईचे इंग्रज.

सिद्दीचं आरमार बादशाही झाल्यावर त्याला पावसाळ्यात सुरक्षित बंदर हवं होतं. त्याने मुंबई मागितली. गव्हर्नर ऑन्जियर पेचात पडला. नाही म्हणावं तर सुरतेचा मोगल सुभेदार रागावणार आणि कंपनीची सुरतेची वखार, म्हणजे सगळा व्यापार, अडचणीत येणार. हो म्हणावं तर शिवाजी महाराज रागावणार. आणि मुंबईला भात, लाकूडफाटा, भाजीपाला येई तो समोरच्या मराठी मुलखातून. सिद्दीची माणसं माझगावला उतरत, बाजारात दंगा करीत, आणि संधी मिळाली की तिथूनच खाडी ओलांडून पेण-नागोठण्याकडची गावं लुटून येत. इंग्रज तक्रारी लिहीत राहिले. पण सिद्दीला बाहेर काढायचं धाडस काही झालं नाही, कारण त्याच्यामागे बादशहा उभा होता.

१६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा त्याला महाराजांकडून कंपनीसाठी व्यापाराच्या सवलती हव्या होत्या, आणि जमल्यास महाराज व सिद्दी यांच्यात तह घडवायचा होता. त्याला सल्ला मिळाला की तो विषय काढू नका. व्यापाराचा करार झाला. सिद्दीशी तह झाला नाही.

मग १६७९. महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडावरच. इंग्रज आणि सिद्दी दोघेही तिथे धावले. दोघे एका बाजूने लढत होते आणि दोघांना एकमेकांचा भरवसा नव्हता: सिद्दीने खांदेरी घेतली तर तो ती आपल्याकडे देईल का, ही शंका इंग्रजांना छळत होती. शेवटी खांदेरी महाराजांकडेच राहिली, इंग्रजांनी माघार घेतली, आणि सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये गुपचूप शेजारची उंदेरी घेऊन टाकली. कुणाला न विचारता.

इंग्रजांना सिद्दीची खरी किंमत कळली ती १६८९ मध्ये. सर जॉन चाइल्डच्या डोक्यात आलं की बादशहाशी दोन हात करावे, आणि त्याने मोगलांची जहाजं पकडली. बादशहाकडून उत्तर घेऊन आला सिद्दी याकूत. शिवडीला फौज उतरली, माझगाव गेलं, माहीम गेलं, आणि कंपनीकडे फक्त कोट उरला. १६९० मध्ये कंपनीच्या वकिलांनी औरंगजेबापुढे नाक घासलं, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा कुठे सिद्दी मुंबईतून हलला. जे इंग्रज पुढे सगळ्या हिंदुस्थानाचे मालक झाले, त्यांना एका बेटावरच्या आरमाराने वर्षभर कोंडून ठेवलं होतं, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठे असतं? आम्हाला तरी नव्हतं.

इथे एक थांबा घेऊ. हे सगळं ऐकताना सिद्दी फार हुशार वाटायला लागतो. पण त्या हुशारीचा खर्च कुणी भरला? हबसाणातल्या आणि आसपासच्या रयतेने. एकदा मराठी फौज येई, एकदा सिद्दीची. दोन्ही बाजूंना वसूल हवा असे. त्याच मुलखातलं श्रीवर्धनचं एक देशमुख घराणं सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडून घाटावर आलं. ते भट घराणं. त्यातला मुलगा म्हणजे बाळाजी विश्वनाथ, पहिला पेशवा त्या घराण्यातला. सिद्दीने आपल्या मुलखातून घालवलेल्या माणसाचा मुलगा पुढे फौज घेऊन त्याच्याच दारात उभा राहिला.

ते साल १७३३. आधी १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं होतं. तिथले ब्रह्मेंद्रस्वामी शाहू महाराज आणि बाजीराव या दोघांचे गुरू. विशेष म्हणजे स्वामींचे जंजिऱ्याच्या दरबाराशीही पूर्वी बरे संबंध होते. पण त्या लुटीनंतर स्वामी साताऱ्याजवळ धावडशीला आले आणि सिद्दीचा बंदोबस्त करा म्हणून सतत लिहीत राहिले. १७३३ मध्ये जंजिऱ्याचा रसूल याकूतखान वारला, वारसांत भांडण लागलं, आणि त्यांतला अब्दुल रहमान बाजीरावाच्या आश्रयाला आला. यापेक्षा चांगली संधी कोणती? मोगल दुबळे झालेले, बेटात फूट, समुद्रात आंग्रे आपले.

रायगड परत मिळाला. पण तो घेतला प्रतिनिधींच्या माणसांनी, आणि पेशवा व प्रतिनिधी यांच्यात मानापमान सुरू झाले. ऑगस्टमध्ये सेखोजी आंग्रे वारले आणि आंग्रे बंधूंत भाऊबंदकी पेटली. तिकडे मुंबईकर इंग्रज बेटाला रसद पोचवू लागले, आणि वर्षअखेरीस त्यांनी सिद्दीशी रीतसर तहच केला. चौसष्ट वर्षांपूर्वी विजापूर थकलं तेव्हा सिद्दीने मोगल शोधला होता. आता मोगल थकल्यावर इंग्रज सापडला. बाजीराव तात्पुरता तह करून परत फिरले. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी साताला मारलं, आणि मग कायमचा तह झाला. अब्दुल रहमानला गादी, आणि हबसाणच्या अकरा महालांत निम्मा अंमल मराठ्यांचा, निम्मा सिद्दीचा. दरबारी भाषेत ही तडजोड. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर एका शेतावर दोन धनी.

बेट मात्र सिद्दीकडेच राहिलं.

आता दुसरी वेळ, जिथे ती जुनी रीत पुन्हा कामाला आली. १७८४ च्या सुमारास जंजिऱ्यावर वारसाचं भांडण झालं. अब्दुल करीमखान, ज्याला बाळूमियाँ म्हणत, तो वारस. पण सिद्दी जोहरने बेट ताब्यात ठेवलं. बाळूमियाँ पुण्याला आला. समोर कोण, तर नाना फडणवीस. १७९१ मध्ये करार झाला: बाळूमियाँने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून द्यायचा, बदल्यात त्याला सुरतेजवळ मुलूख. त्यातून सचीन संस्थान निघालं, आणि बाळूमियाँचे वंशज तिथे १९४८ पर्यंत नवाब होते.

म्हणजे पेशवाईने जंजिरा विकत घेतला! कागद पक्का, मोबदला दिलेला, कंपनी सरकारही व्यवहारात. फक्त ताबा घ्यायचा बाकी. आणि बेटावरून जोहरने सांगितलं, मी देत नाही. पुण्याच्या दप्तरात हक्काचा कागद पडून राहिला, आणि जंजिऱ्याच्या बुरुजावर सिद्दीचं निशाण.

१६७० मध्ये फत्तेखान आणि १७९१ मध्ये बाळूमियाँ. दोन्ही वेळा बेट देऊ पाहणारा त्याचा प्रमुख किंवा वारस होता, आणि दोन्ही वेळा ते दिलं गेलं नाही, कारण एकट्या माणसाने दिलेला शब्द बाकीच्या सिद्दींनी आपल्यावर बंधनकारक मानला नाही. ज्याच्याशी बोलणी करायची तो एकटा मालक असेल तर त्याला धाक घालता येतो, जहागीर देता येते, नाहीतर त्याचा वारस हाताशी धरता येतो. जंजिऱ्यावर हे तिन्ही करून झालं. काकांच्या प्रश्नाला आमचं उत्तर कलालबांगडीपेक्षा हे आहे.

शेवटी बेट हरलं ते कधी? लढाई झालीच नाही, म्हणून तारीख सांगणं अवघड. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि त्याबरोबर मोगली आरमाराचा हुद्दा व तनखाही. जे काम सिद्दींनी पिढ्यान्‌पिढ्या विकलं, ते काम करणारा आता दुसरा आला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मग समुद्रावर आणि किनाऱ्यावर एकच सत्ता उरली. व्हेंडरचं उदाहरण पुन्हा घ्यायचं तर, सगळी गिऱ्हाइकं एकाच कंपनीने विकत घेतली. १८३४ मध्ये कंपनी सरकारने जंजिरा आपल्या सत्तेखाली असल्याचं जाहीर केलं आणि खोटं नाणं पाडतात म्हणून तिथली टांकसाळ बंद केली. एक गोळी झाडावी लागली नाही. १८७० च्या आसपास मुरूडला कायमचा इंग्रज अधिकारी बसला आणि नवाबाकडचे फौजदारी अधिकार काढून घेतले गेले. नवाबाला अकरा तोफांची सलामी राहिली, खंडणी द्यावी लागत नव्हती, काठेवाडातलं जाफराबादही राहिलं. पण बोलणी करायला दुसरा दरबारच नव्हता. आणि गंमत बघा, इंग्रजी अमलात वारसाहक्क मुसलमानी कायद्याप्रमाणे मान्य करण्याची सनद मिळाली. बेट पहिल्यांदा खऱ्या अर्थाने एका घराण्याचं झालं, तेव्हा त्याच्याकडे द्यायला किंवा नाकारायला काही उरलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९४८ मध्ये मोहन धारिया, नानासाहेब पुरोहित यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तरुणांना घेऊन संस्थानात उठाव केला, आणि थोड्याच दिवसांत संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आज किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे.

पुढच्या वेळी जाल तेव्हा दरवाज्यात उतरल्यावर लगेच आत पळू नका. उजव्या-डाव्या भिंतींवर नीट पाहा. एक वाघासारखं श्वापद दगडात कोरलेलं आहे आणि त्याने पंजांत हत्ती पकडलेले आहेत. होडीवाले त्याचे वेगवेगळे अर्थ सांगतात, आणि असं शिल्प इतर किल्ल्यांवरही सापडतं, तेव्हा त्यात फार खोल जायला नको. पण ज्या बेटाच्या चारी बाजूंना हत्तीच होते, तिथे ते बघायला मजा येते.

वेळ झाली आहे. प्रश्न घेऊ. काका, तुम्ही आधी विचारा, तुमच्यामुळेच आज हा विषय निघाला.